लेकरांच्या कानातलं गाणं

पालकहो,

तुमची काळजी मी हलकी मानत नाही. जवळा बाजारच्या मोंढ्यात, बसस्टँडवर परभणीच्या गाडीची वाट बघताना, शाळेच्या फाटकाशी तुम्ही मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगता. पोरगं घरात आलं की कानात हेडफोन. जेवताना तेच, आखाड्यावर पाठवलं तरी तेच. हाक मारली तर ऐकू येत नाही आणि ऐकू आली तर चिडतं. गाणी तरी कसली? ना चाल कळते ना शब्द, नुसती धडधड. बाई, यानं आमच्या लेकरांच्या डोक्यात काय भरतंय?

हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पालकसभेच्या दहा मिनिटांत देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हेडफोन हिसकावून घेण्याआधी एक जुनी हकिकत ऐका. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. विद्वान माणूस, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम. सिनेमाची गाणी लोकांची आवड बिघडवतात, पाश्चात्य चालींची उसनवारी करतात, असं त्यांचं ठाम मत होतं. आज तुम्ही जे बोलता तेच ते बोलत होते, फरक एवढाच की त्यांच्या हातात अख्खी आकाशवाणी होती. त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना कात्री लावली. लोकांनी मोर्चे काढले नाहीत, रेडिओचा काटा गुपचूप सिलोनवर नेला. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री देश तिच्याभोवती गोळा होऊ लागला. तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांनी ती ऐकली असेल. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. तेव्हाही मंत्री केसकरच होते. त्यांनी शास्त्रीय संगीतासाठी केलेलं काम मोठं आहे, राष्ट्रीय संगीत कार्यक्रमामुळे कितीतरी गवई घराघरांत पोचले. जे दिलं ते टिकलं, जे बंद केलं ते दुसऱ्या दारानं आत आलं.

आता तर काटा फिरवायचीही गरज नाही. तुम्ही मोबाईल काढून घेतलात तर लेकरू मित्राच्या मोबाईलवर ऐकेल. गाणं थांबणार नाही. फक्त ते काय ऐकतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मुलींबद्दल आधी बोलते, कारण त्यांच्या हातातला मोबाईल पहिल्यांदा काढला जातो. तुमच्या आईनं, आजीनं पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हटल्या. त्या ओव्यांत नुसती देवाची नावं नव्हती. सासूचा जाच होता, नवऱ्याचा राग होता, भावाची वाट बघणं होतं, बाबासाहेबांचं कौतुक होतं. जे समोरासमोर बोललं तर मार बसला असता, ते जात्याला सांगता येत होतं. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ‘पारी’ संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आता ऐकायला मिळतात. त्या ऐका. आपल्याच घरातल्या बायका काय काय मनात दाबून जगल्या ते कळेल. आता जातं गेलं, ओवी गेली, पण चौदा वर्षांच्या पोरीच्या मनात साठतं ते कुठं जाणार? दोन खोल्यांच्या घरात, जिथं आजोबा, भाऊ, पाहुणे सगळे एकाच जागी, तिथं हेडफोन हीच तिची एकुलती एक खोली आहे. त्या खोलीत ती एखाद्या गाण्यावर रडते, एखाद्यावर मनातल्या मनात नाचते. तिचं कुणाशी काहीतरी चालू असणार, असा अर्थ लगेच काढू नका. बहुतेक वेळा ती फक्त मोठी होत असते.

मात्र त्या खोलीचं दार तिनं आतून कायमचं लावून घेऊ नये, हे बघणं आपलं काम आहे. त्याला उपाय एकच मला ठाऊक आहे, तो म्हणजे सोबत ऐकणं. एक हेडफोन तिच्या कानात, एक तुमच्या. पूर्ण गाणं, मध्ये न बोलता. पहिल्या दिवशी ती लाजेल, नको म्हणेल, तुम्हाला मुद्दाम एखादं भक्तिगीत लावून देईल. चौथ्या-पाचव्या गाण्याला खरं गाणं लावेल.

सोबत ऐकलं तर किती बोलता येतं, याचं उदाहरण तुमच्या तोंडपाठ आहे. २९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतातलं वाद्यवृंदाचं काम थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वादकांकडून करून घेतलं. करमाळ्याकडच्या शिवारातली गोष्ट आणि सोबतीला हॉलिवूडचे व्हायोलिनवाले. ‘झिंगाट’ त्या उन्हाळ्यात प्रत्येक वरातीत वाजलं, अजूनही वाजतं. आजी नाचल्या, सरपंच नाचले. पण ज्या सिनेमातलं ते गाणं, त्यात आर्ची आणि परशा ही दोन जातींतली पोरं प्रेम करतात, लग्न करतात आणि पोरीच्या घरचेच त्यांना मारून टाकतात. गाणं आपण घेतलं, गोष्ट मात्र थिएटरात ठेवून आलो. मी वर्गात विचारलं, की ज्यांच्या वरातीत हे गाणं वाजतं, त्यांच्या घरी उद्या आर्ची-परशा उभे राहिले तर काय होईल? वर्ग गप्प झाला. मग बोलला, आणि जे बोलला ते धड्यावरून कधीच निघालं नसतं. लोकप्रिय गाण्याची ताकद हीच आहे. ते ज्यांना पुस्तक वाचायचं नाही त्यांच्यापर्यंत जातं. त्या गाण्यासोबत काय बोलायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं असतं, आणि आपण ते बोलत नाही.

आता त्या ‘धडधडी’बद्दल. रॉक काय, रॅप काय, ही गोऱ्या श्रीमंतांची थेरं आहेत, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. रॉकचं मूळ अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या ब्लूज गाण्यांत आहे, आणि ही माणसं राबत होती ती कापसाच्या रानात. मडी वॉटर्स नावाचा गायक मिसिसिपीतल्या अशाच एका मोठ्या जमीनदाराच्या शेतावर राबत होता. १९४३ मध्ये तो गाव सोडून शिकागोला गेला, जशी आपली पोरं पुण्याला, चाकणला जातात. शहराच्या गोंगाटात साधं गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यानं विजेवर चालणारं हाती घेतलं. पुढं इंग्लंडमधल्या काही पोरांनी त्याच्याच एका गाण्यावरून आपल्या बँडचं नाव ‘रोलिंग स्टोन्स’ ठेवलं, आणि साऱ्या जगानं ते डोक्यावर घेतलं. कापूस वेचणं म्हणजे काय, हे जवळा बाजारच्या माणसाला मी सांगायला नको. त्या संगीतात जो राग आणि जी हुरहुर आहे, ती तुमच्या ओळखीची आहे.

रॅपचंही तसंच. ११ ऑगस्ट १९७३ ची रात्र, न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स हा गरीब भाग. जमैकातून आलेल्या घरातली एक मुलगी शाळेच्या नव्या कपड्यांचे पैसे जमावेत म्हणून इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवते आणि तिचा अठरा वर्षांचा भाऊ, ज्याला पुढं जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागलं, दोन तबकड्या आलटून पालटून वाजवत नुसता ढोलाचा तुकडा लांबवत राहतो. हिप-हॉपचा जन्म तिथं झाला, असं मानतात. पोरांकडं वाद्यं नव्हती, म्हणून त्यांनी बोलण्यालाच ठेका दिला.

आपल्याकडं हे आधीच घडलेलं होतं. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसे, शाहिरांचे पोवाडे, वामनदादा कर्डकांची गाणी ही ज्यांना व्यासपीठ नव्हतं त्यांनी गाण्याचंच व्यासपीठ केल्याची उदाहरणं आहेत. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, शाळा न शिकलेले, मोठेपणी अक्षरं गिरवलेले. त्यांची गाणी मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांत गेली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून. म्हणून आज जेव्हा अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ या नावानं आपल्या बोलीत जातीबद्दल, गरिबीबद्दल रॅप करतो, तेव्हा तो परक्याचं काही उचलून आणत नाही. दूरच्या भावकीकडून घरचीच वस्तू परत आणतो.

आणि आपण तर औंढा तालुक्यातली माणसं. नामदेवांची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. नागनाथाच्या देवळासमोर ते कीर्तनात दंग होते. पूजेत अडथळा येतो म्हणून त्यांना मागं जायला सांगितलं, ते मागं जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडं वळलं. नंदी देवळामागं आहे, तो त्याची खूण म्हणून दाखवतात. आजच्या प्रत्येक पोराचं गाणं मी नामदेवांच्या शेजारी बसवत नाही, तसं करणं चूक ठरेल. पण ज्याच्या गाण्यानं अडचण होते त्याला मागं पाठवणं बरोबर की चूक, यावर आपल्या मातीनं फार पूर्वी निकाल दिलेला आहे.

म्हणून सगळी गाणी चांगली, असं मी म्हणणार नाही. तुमच्या पोरांचा लाडका एमसी स्टॅन पुण्याच्या वस्तीतून आला, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यानं ‘बिग बॉस’ जिंकलं. त्याच्यासारखा बोलणारा, त्याच्यासारखे केस ठेवणारा एकतरी पोरगा आमच्या प्रत्येक वर्गात आहे. गरीब घरातला, इंग्रजी न येणारा पोरगा एवढा वर जातो, हे त्यांना दिसतं. ते दिसणं मोलाचं आहे. पण त्या गाण्यांत शिव्या आहेत, मुलींविषयी जे शब्द आहेत ते मला सहन होत नाहीत. आणखी वाईट म्हणजे आपल्या जातीचा माज सांगणारी, कोयत्याची नि बंदुकीची भाषा करणारी गाणी, जी पोरं स्टेटसला ठेवतात आणि मग दुसऱ्या गल्लीतली पोरं तसंच उत्तर ठेवतात. तीस सेकंदांच्या स्टेटसवरून डोकी फुटतात, पोलिसांत नाव जातं, आणि पुढं भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते निघतं. इथं गप्प बसू नका.

पण बोलायचं कसं? अमेरिकेत टिपर गोर या आईनं आपल्या मुलीसाठी आणलेल्या प्रिन्स या गायकाच्या रेकॉर्डवरचं एक गाणं ऐकलं आणि ती हादरली. तिनं आणखी काही मातांना गोळा केलं. १९८५ मध्ये थेट सिनेटपुढं सुनावणी झाली, मोठमोठे गायक साक्षीला आले, आणि शेवटी रेकॉर्ड कंपन्या पालकांसाठी इशाऱ्याची चिठ्ठी लावू लागल्या. काही ॲपमध्ये गाण्याच्या नावाशेजारी चौकटीत इंग्रजी ‘ई’ अक्षर दिसतं, ते त्याच वाटेवरचं. ते ओळखायला शिका, उपयोगी आहे. पण चिठ्ठीनं तसली गाणी थांबली नाहीत. त्या बाईनं जे खरं चांगलं केलं ते सुनावणीच्या आधी केलं होतं. तिनं लेकीचं गाणं ऐकलं होतं.

तुम्हीही ऐका आणि मग साधं विचारा. ही ओळ तुझ्या बहिणीबद्दल कुणी म्हटली तर चालेल का? यातल्या पोरीला बोलायला दिलं असतं तर ती काय म्हणाली असती? हा एवढा पैसा, एवढ्या गाड्या दाखवतो, त्या कुठून आल्या असं तुला वाटतं? पोरं विचार करतात, आपण समजतो त्यापेक्षा जास्त. आणि एक रेघ स्पष्ट ओढा. दुसऱ्या समाजाला खाली पाडणारं गाणं या घरात मोठ्यानं वाजणार नाही आणि घरातल्या कुणाच्या स्टेटसला लागणार नाही. ‘घरातल्या कुणाच्या’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. बाप स्वतः तसलं स्टेटस ठेवत असेल तर पोराला काही सांगण्याचा हक्क राहत नाही.

आता डीजे. इथं मी पोरांवर नाही, तुमच्यावर रागावले आहे. घरात हेडफोनवरून ओरडणारे आपणच वरातीत आणि मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर लावतो. जयंती असो, गणपती असो, हळद असो, ज्याचा आवाज मोठा तो मोठा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकारनं ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच १२ पर्यंत सूट. डीजेच्या भिंतीसमोर आवाज शंभराच्या पुढं सहज जातो. आवाजाचा हिशेब नीट समजून घ्या. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, त्यापुढं नको, असं तज्ज्ञ सांगतात. पुढं दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आपली वरात किती तास चालते? त्या गाडीपुढं सहा-सात वर्षांची पोरं नाचतात. तान्ही बाळं बापाच्या खांद्यावर असतात.

आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या आवाज मेंदूकडं पोचवतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कपाशी करपली तर दुबार पेरणी करता येते, इथं तेही नाही. मिरवणुकीहून आल्यावर कान सुन्न होणं, रात्रभर कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटणं, हा इशारा आहे. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून आपण विसरतो. आणि त्या लेझरच्या दिव्यांचं काय? २०२३ च्या गणेशोत्सवानंतर नाशिकसह काही ठिकाणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की तरुण पोरांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली आहे. एवढं होऊनही लग्नाच्या सुपारीत लेझर आहे का, हे आधी विचारलं जातं.

कुणी म्हणेल, मग आपली हलगी, डफडं, संबळ बरं होतं. बरं होतंच, कानाला तर होतंच. पण मी ते सरसकट म्हणणार नाही. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या ते वाजवायची सक्ती होती, त्यांच्या पोरांनी ते खाली ठेवलं त्यात मानाचा प्रश्न होता, आणि तो खरा होता. ज्याला आवडीनं वाजवायचं आहे त्याला बोलवा, त्याला डीजेएवढी बिदागी द्या, जेवायला पंगतीत सगळ्यांसोबत बसवा. तेवढं करायची तयारी असेल तरच हलगीचं कौतुक करा.

आता पुन्हा हेडफोनकडं येते. त्याचा आवाज पूर्ण आवाजाच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवा. बऱ्याच मोबाईलमध्ये आवाजाची मर्यादा घालून ठेवता येते, ती लेकराच्या हातूनच घालून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलनं आठवड्याला ४० तास चालतात, ९० नं फक्त चार.

आणि अभ्यास करताना गाणं? गणितं सोडवताना वाद्यांचं काही हळू चालू असेल तर मी हरकत घेत नाही. वाचताना, पाठ करताना शब्द असलेलं गाणं नको. दोन्ही शब्द एकाच वेळी डोक्यात शिरू बघतात आणि धडा हरतो. नांदेड-लातूरला क्लासला गेलेल्या पोरांनाही मी हेच सांगते.

राहिला शेवटचा धाक, की पोरगं गाण्याच्याच नादी लागलं तर? अजय-अतुल यांचे वडील महसूल खात्यात नोकरीला होते, घरात गाण्याचं घराणं नव्हतं. २०१० मध्ये जाहीर झालेला ‘जोगवा’चा राष्ट्रीय पुरस्कार त्या पोरांनी घरी आणला. पण असं दर घरात होत नाही, आणि पोराला तसं खोटं सांगूही नका. रॅप करणाऱ्या हजारातल्या बहुतेकांना त्यावर पोट भरता येत नाही. पदवी पुरी करायची, हे ठरवून टाका. मात्र त्यानं वहीच्या मागच्या पानांवर काही लिहिलं असेल तर ते फाडू नका. एका पोरानं हळद शिजवण्याच्या रात्रीवर, धुरावर, बापाच्या भाजलेल्या हातावर लिहिलेलं मला दाखवलं. मराठीच्या पेपरात त्याला निबंधात जेमतेम गुण मिळतात. त्याच्या बापानं ते अजून वाचलेलं नाही.

दिवाळीनंतर गॅदरिंगची नावं घेते. गाणं, रॅप, भारूड, पोवाडा यांची वेगवेगळी यादी नाही, एकच आहे. आठवीच्या पुढं मुलींची नावं त्यात दरवर्षी कमी होत जातात. आवाज गेलेला नसतो, घरून नको म्हटलेलं असतं. यंदा तुमच्या घरून एक नाव हवं आहे. गाणं तिलाच निवडू द्या, मी तालमीला थांबेन, आणि तालीम संपल्यावर तिला घरी न्यायला तुमच्यापैकी कुणीतरी या.